सिग्नलला रिलीव्हर आला

आमच्या घरात बालमानसशास्त्राचा पेपर पास झालेली मी एकटीच आहे. त्याचा त्रास मात्र घरातल्या सगळ्यांना होतो.

मी मांडवगण फराट्याला वस्तीवरच्या प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली-दुसरीचे वर्ग माझ्याकडे. सहा वर्षांचं पोर रडत आलं, की ते भुकेलंय, घाबरलंय की त्याला नुसतीच शेजारच्याची पेन्सिल हवीय, हे मी दारातूनच सांगते. त्यामुळे ज्याला बोलता येत नाही त्याच्या मनातलं मला आपोआप कळतं, असा माझा समज झाला होता. तो समज एका कुत्र्याने चार दिवसांत उतरवला.

त्या कुत्र्याचं नाव सिग्नल. हे नाव माझ्या सासऱ्यांनी ठेवलं. आबा दौंड जंक्शनला तीस वर्षं केबिनमध्ये सिग्नलचे लिव्हर ओढायचं काम करून रिटायर झाले, आणि गावी येऊन बसले तरी त्यांच्या डोक्यातली रेल्वे काही रिटायर झालेली नाही. सिग्नल तांबूस रंगाचा गावठी कुत्रा, तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाचा. फाटकाशी कुणी आलं की तो शेपटी ताठ उभी करून बघत राहायचा. आबा येणाऱ्याला ओट्यावरून सांगायचे, "शेपटी वर हाय तवर थांबा. खाली पडली की मग या आत." आणि लोक खरंच थांबायचे. पोस्टमन तर सायकलवरून उतरायचाच नाही.

सिग्नलचा दोष एकच. घरात कुणी नसलं की तो वस्तू खायचा. मी शाळेत, माझे मिस्टर विलास सणसवाडीला कंपनीत, मुलगी तन्वी अकरावीला शिरूरला, आणि आबा दुपारी विहाराच्या कट्ट्यावर पेपर वाचायला. एवढ्या वेळात सिग्नलने विलासच्या सेफ्टी शूजमधला डावा बूट संपवला, तन्वीचे इअरफोन गिळून दुसऱ्या दिवशी परत केले, आणि शेवटी बेंदरासाठी माझ्या वर्गातल्या पोरांनी केलेल्या मातीच्या बैलांवर आला. मी ते वाळायला घरी आणले होते. सोळा बैलांपैकी अकरांची शिंगं त्याने खाल्ली. पोरांना मी सांगितलं की ह्या म्हशीच आहेत. पोरांनी ऐकून घेतलं, पण माझ्यावरचा त्यांचा विश्वास त्या दिवसापासून जरा कमी झाला.

विलास कंपनीत क्वालिटीला आहे. घरात दूध उतू गेलं तरी तो आधी गॅस बंद करत नाही, "रूट कॉज काय?" असं विचारतो. बैलांच्या वेळीही त्याने तेच विचारलं.

"तो एकटा पडलाय," मी म्हणाले. "एकटं मूल असलं की असं होतं. त्याला भावंड पाहिजे."

तन्वीने पुस्तकातून डोकं वर काढलं. "मी पण एकटीच आहे. मला नाही कुणी भावंड आणलं."

"तू बूट खात नाहीस."

"म्हणजे खायला पाहिजे होते," ती म्हणाली आणि परत पुस्तकात गेली.

आबांनी मात्र साफ नकार दिला. "एका गाडीला एकच इंजन पुरतं. दोन लावली आन् दोन बाजूला तोंडं केली, तर गाडी कुठं जायची?"

"आबांना मी समजावते," मी विलासला हळूच म्हणाले. (हे वाक्य मी लग्न झाल्यापासून म्हणते आहे. आबांना अजून काहीही समजलेलं नाही.)

माझी नणंद शोभाताई वरवंडला असते. तिच्या कुत्रीला चार पिल्लं झाली होती. त्या रविवारी मी आणि विलास तिला "सहज भेटायला" गेलो. सहज भेटायला जाताना मी कापडी पिशवी, जुनं फडकं आणि दुधाची बाटली बरोबर घेतली होती, त्यामुळे शोभाताईने पाण्याचा तांब्या द्यायच्या आधीच विचारलं, "कुठलं नेतीस?"

पांढरं, कानाशी काळं, दोन महिन्यांचं, पोट नगाऱ्यासारखं, अशी एक मादी माझ्याकडे आपण होऊन चालत आली आणि माझ्या चपलेवर बसली. मला वाटलं, हिने मला निवडलं. (नंतर कळलं, ती ज्याच्या-त्याच्या चपलेवर बसते.) मी तिथल्या तिथे तिचं नाव जुई ठेवलं. येताना ती पिशवीत झोपली, आणि भीमेच्या पुलावर वारा लागल्यावर डोकं बाहेर काढून नदीकडे असं बघत बसली, जणू सातबारा तिच्याच नावावर आहे.

आता मी काही अडाणीपणाने पिल्लू आणून कुत्र्यापुढे टाकणारी बाई नाही. मी आठ व्हिडिओ पाहिले होते. घरात दुसरं पिल्लू आणताना काय काय करायचं, त्याचा तक्ता मी शाळेच्या कार्डशीटवर स्केचपेनने लिहून फ्रिजला लावला होता. पहिली पायरी, वासाची ओळख. दुसरी, तटस्थ जागी भेट. तिसरी, वेगवेगळं जेवण. चौथी, मोठ्याला मोठेपणा देणे. विलासने तो तक्ता वाचून "एसओपी चांगली आहे" असं सर्टिफिकेट दिलं. एरवी तो माझ्या भाजीलाही सर्टिफिकेट देत नाही.

पहिल्या पायरीसाठी पिल्लू एक दिवस शेजारच्या यशोदामावशींकडे ठेवलं. मावशी विधवा, साठीच्या, दोन मुलं, एक सून, दोन म्हशी आणि गावातल्या सगळ्या बातम्या सांभाळून असतात. मी पिल्लाला एका टॉवेलने खसाखसा पुसलं. हा वासाचा टॉवेल सिग्नलच्या पोत्यावर ठेवायचा, म्हणजे त्याला हळूहळू नव्या पाहुण्याची सवय होते, असं ते शास्त्र. टॉवेल आणून मी दोरीवर टाकला आणि चहा ठेवायला आत गेले. तेवढ्यात आबा आंघोळ करून बाहेर आले आणि त्यांनी दोरीवरचा पहिला हाताला लागला तो टॉवेल घेतला. तोंड पुसलं, पाठ पुसली, डोकं पुसलं, आणि उरलेला खांद्यावर टाकून ओट्यावर येऊन बसले.

सिग्नल रोजच्यासारखा त्यांच्या पायाशी गेला. त्याने एकदा हुंगलं. मग परत हुंगलं. आबांच्या पायापासून टकलापर्यंत हुंगत गेला, आणि दोन पावलं मागे सरून त्यांच्याकडे बघत उभा राहिला. नवऱ्याच्या खिशात भलतीकडची तिकिटं सापडल्यावर बाईमाणूस बघतं ना, तसं.

"ह्यो माझ्याकडं असा का बघतोय?" आबा म्हणाले. "सूनबाई, मी काय केलं ह्याचं?"

"काही नाही आबा. वासाची ओळख चाललीय."

"कुणाच्या?"

मग सांगावंच लागलं. आबांनी टॉवेल खांद्यावरून काढला, त्याची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला. "आता पिल्लू आणलंच हाय तर आणलं," ते म्हणाले. "पर माझ्या अंगावरनं कशाला आणलंस?"

दुसरी पायरी तटस्थ जागेची. भेट अशा ठिकाणी व्हायला हवी जी दोघांपैकी कुणाचीच नाही. मी खूप विचार करून आठवडे बाजाराचं मैदान निवडलं. बाजार नसेल त्या दिवशी तिथे चिटपाखरू नसतं, असा माझा हिशेब. चिटपाखरू नव्हतंच. मटणाच्या दुकानामागे राहणारी पाच कुत्री होती.

मी आणि विलास पिल्लू घेऊन मोटरसायकलवर गेलो, सिग्नल सवयीप्रमाणे मागून पळत आला. मी पिल्लाला जमिनीवर ठेवलं. सिग्नलची शेपटी वर गेली. पिल्लू दुडदुडत त्याच्याकडे गेलं आणि त्याच्या पायाला चिकटून बसलं. सिग्नलने मान वाकवून त्याला हुंगलं, आणि मी शपथेवर सांगते, त्याची शेपटी खाली यायला लागली होती. अजून अर्धा मिनिट मिळालं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी गावात मान वर करून फिरले असते.

पण मटणाच्या दुकानामागून ती पाचजणं निघाली. पुढाऱ्याचा एक कान तुटलेला, मागचे त्याचे कार्यकर्ते. सिग्नल जन्मात कधी पाच जणांसमोर उभा राहिला नव्हता. तो माझ्या साडीच्या मागे आला. पिल्लू मात्र आनंदाने त्या पाचांच्या स्वागताला निघालं. मी धावले, पिल्लाला उचलून छातीशी धरलं, "अहो, काढा गाडी" म्हणत मागे बसले, आणि विलासने गाडी काढली.

आम्ही बरंच पुढे आल्यावर मी मागे वळून पाहिलं. सिग्नल पळत येत होता. त्याच्या मागे ती पाच. कान मागे पाडून, जीव तोडून तो पळत होता, आणि त्याचे डोळे गाडीवर नव्हते, माझ्या मांडीवरच्या पिल्लावर होते.

त्याला कुणी चावलं नाही. वेशीपाशी ती पाचजणं माघारी वळली. घरी आल्यावर मी त्याच्या अंगावरून हात फिरवून पाहिला, खरचटलंसुद्धा नव्हतं. म्हणून मीही ते विसरून गेले. तक्त्यावर दुसऱ्या पायरीसमोर बरोबरची खूण केली.

तिसऱ्या पायरीला दोघांना वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या कोपऱ्यांत भाकर-दूध दिलं. पिल्लाने स्वतःचं संपवलं, मग चालत जाऊन सिग्नलच्या ताटलीत चारही पाय घालून उभं राहिलं. सिग्नल गुरगुरला नाही. बाजूला झाला. पिल्लाने त्याचं खाल्लं, त्याच्या पोत्यावर गेलं आणि तिथेच झोपलं. सिग्नलने एकदा पोत्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि शांतपणे फाटकातून निघून गेला.

सकाळी यशोदामावशी दारात हजर. "जयभीम बाई. तुमचा सिग्नल आमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली राह्यलाय. काय भांडणबिंडण झालं का घरात?"

"नाही हो मावशी. जरा रुसलाय."

"मी भाकर टाकली, तर तोंड लावंना. नुसता तुमच्या घराकडं बघत बसलाय." मावशींनी आवाज खाली आणला. "तुम्ही मारलं तर न्हाई ना?"

दुपारपर्यंत वस्तीवर सगळ्यांना कळलं की मास्तरीणबाईंच्या घरातून कुत्रं निघून गेलं. सून माहेरी निघून गेली की जसे प्रश्न विचारतात, तसेच प्रश्न लोक विचारायला लागले. एकाने तर विलासला समजावलं, "चार माणसं मधी घाला आन् घेऊन या त्याला. जास्त दिस बाहेर राह्यला तर अवघड होतं."

मी चौथ्या पायरीवर आले, मोठ्याला मोठेपणा देणे. शाळेतून आले की आधी ट्रॉलीखाली वाकून सिग्नलची चौकशी करायची. दुधाची वाटी आधी त्याला. त्याच्यासमोर पिल्लाला रागवायचं, म्हणजे त्याला बरं वाटेल. मी ट्रॉलीपाशी उभी राहून पिल्लाला सांगायचे, "दादाला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही हं. दादा मोठा आहे. दादा हुशार आहे." पिल्लू माझ्या चपलेवर बसून ऐकायचं. सिग्नल दुसरीकडे तोंड करायचा.

"आई," तन्वी म्हणाली, "माझ्याशी तू आयुष्यात एवढं गोड बोलली नाहीस."

आता आबाही ओट्यावर बसेनात. सकाळचा चहा घेऊन ते यशोदामावशींच्या अंगणात, ट्रॉलीच्या चाकाला टेकून बसायला लागले. त्यांचा पेपर तिथे गेला, चष्म्याचं घर तिथे गेलं, तिसऱ्या दिवशी खुर्चीही गेली. म्हणजे एक पिल्लू घरात आणून मी एक कुत्रा आणि एक सासरे घराबाहेर घालवले होते.

आणि चौथ्या दिवशी शाळेतून आले, तर ट्रॉलीखाली सिग्नल नव्हता.

मावशी म्हणाल्या, दुपारपासून दिसला नाही. आबा म्हणाले, त्यांना वाटलं घरी गेला असेल. आमच्याकडे कुत्रं हरवणं म्हणजे नुसतं हरवणं नसतं. नदीकाठचा सगळा ऊस आहे, आणि उसात बिबट्या आहे. मागच्याच आठवड्यात खालच्या वस्तीवरून एक शेळी गेली होती. वनखात्याचा पिंजरा लागला होता. दिवस कलला की लोक कुत्री आत घेतात, पोरं आत घेतात, मग दार लावतात. आणि दिवस कलायला फार तर तास-दीड तास होता.

विलास नुकताच कंपनीतून आला होता, तो युनिफॉर्मवरच शेतालगतच्या पाण्याच्या चारीकडे गेला. तन्वीने घाईघाईने गावच्या ग्रुपवर टाकलं, "सिग्नल दुपारपासून गायब आहे. कुणाकडे असेल तर लगेच कळवा."

पहिलं उत्तर आमच्या मागच्या मळ्यातल्या पोपटभाऊंचं आलं. "आमच्याकडं पण न्हाई."

मग धडाधड यायला लागली. "वरच्या वस्तीवर कालपासून नाही." "एक काडी येते आणि जाते." "पाण्याच्या टाकीवर चढल्यावर येतो थोडा." "दर पावसाळ्यात हेच." "सगळ्यांनी मिळून तक्रार करा." तन्वीने लिहिलं, "मोबाईलचा नाही, आमचा सिग्नल." त्यावर एकाने लिहिलं, "तुमचा आमचा काय, सगळ्यांचा एकच टॉवर हाय ताई."

ती रडायच्या बेताला आली. "आई, कुत्रा लिहू का नुसतं?"

"लिही."

तिने लिहिलं, "कुत्रा." त्या तक्रारींच्या रांगेत मधेच एवढा एकच शब्द. त्यावर टॉवरच्या कंपनीबद्दल लोकांनी आणखी बरंच काही लिहिलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

मी आबांना आणि तन्वीला घेऊन शाळेच्या रस्त्याने निघाले. आबांच्या हातात काठी. हाका मारून मारून माझा घसा बसला. आबा हाका मारत नव्हते. चालता चालता ते म्हणाले, "सूनबाई, त्याची चूक न्हाई. रेल्वेत पण असंच असतं. केबिनमधी रिलीव्हर आला, की जुन्या माणसानं चार्ज द्यायचा, डबा उचलायचा आन् निघायचं. थांबायचं नसतं. त्याला वाटलं असंल, आपली ड्युटी सपली."

मला बाजाराचं मैदान आठवलं. पाच कुत्री अंगावर आली तेव्हा मी दोघांतल्या एकाला उचललं होतं, आणि कुणाला उचललं ते त्याने पाहिलं होतं. आठ व्हिडिओंत हे कुणीच सांगितलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं. सोळा पोरांच्या वर्गात एकाला उचलून घेतलं की बाकीच्या पंधरांचे चेहरे कसे होतात, हे रोज बघणाऱ्या मला.

शाळेत तो नव्हता. बॅटरी घ्यायला परत घरी आलो, तर फाटक सताड उघडं. घाईत निघताना लावायचं राहिलं होतं. आत पोतं मोकळं. पिल्लूही नाही.

"झालं," आबा म्हणाले आणि ओट्याच्या पायरीवर मटकन बसले. चार दिवसांनी ते आपल्या ओट्यावर बसले होते, पण त्याचा आनंद मानायची ती वेळ नव्हती.

तेवढ्यात भुंकणं ऐकू आलं. लांबून, चारीच्या बाजूने, एकसारखं. तन्वी म्हणाली, "सिग्नलच आहे," आणि आम्ही पळत सुटलो.

आमच्या शेताच्या कडेने पाण्याची चारी जाते. आषाढातला पाऊस होऊन गेलेला, चारीत पाणी कमी आणि चिखल जास्त. पलीकडे पुरुषभर उंचीचा ऊस. चारीच्या काठावर सिग्नल उभा होता. मानेवरचे केस उभे, शेपटी ताठ, तोंड उसाकडे, आणि तो थांबायचं नाव न घेता भुंकत होता. त्याच्या पायाखाली, चारीच्या तळाशी, चिखलात गळ्यापर्यंत रुतलेलं आमचं पिल्लू. सिग्नलचा माग काढत निघालं असणार आणि घसरून पडलं असणार. सिग्नल कुठे होता, कुठून आला, कुणास ठाऊक. पण पिल्लाचं ओरडणं ऐकून आला होता, आणि त्याला तिथे सोडून गेला नव्हता.

दुसऱ्या बाजूने विलास आला. भुंकणं ऐकून आठ-दहा माणसं काठ्या घेऊन आली. आणि तेवढ्यात उसात खसफस झाली.

सगळे जागच्या जागी थिजले. कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "बाई, मागं या." ऊस हलत हलत आमच्याकडे येत होता. सिग्नल मागे सरला नाही. चार दिवसांपूर्वी माझ्या साडीमागे लपलेला तो कुत्रा पिल्लाच्या वर पाय रोवून उभा राहिला.

मला काय झालं माहीत नाही, मी चारीत उडी मारली. उडी म्हणते, पण बघणाऱ्यांनी नंतर 'घसरल्या' असा शब्द वापरला. मी गुडघ्याच्या वर चिखलात गेले. पिल्लाला ओढून काढलं, ते सुटलं, आणि मी मात्र तिथेच राहिले. एक पाय काढावा तर दुसरा आत जायचा. वर ऊस फाटला आणि त्यातून पोपटभाऊ बाहेर आले. मोबाईल धरलेला हात डोक्याच्या वर, नजर आभाळाकडे.

"हितं पण न्हाई सिग्नल, वहिनी," ते म्हणाले. मग त्यांना समोर उगारलेल्या दहा काठ्या दिसल्या, आणि चारीत मी दिसले. "तुम्ही तिथं कशापायी उतरला? खाली कशी रेंज येईल?"

मला बाहेर काढायला चार माणसं लागली. विलास हाताला धरून ओढत होता आणि मी त्याच्याकडे बघूनच सांगितलं, "आत्ता रूट कॉज विचारू नका." चपला चिखलातच राहिल्या. काठावर पिल्लाला ठेवलं, तर सिग्नल आला आणि त्याचं तोंड, कान, पोट असं सगळं चाटून काढायला लागला. पिल्लू चिखलासकट त्याच्या गळ्यात पडलं.

मी पिल्लू तन्वीच्या हातात दिलं. आणि सगळ्या लोकांसमोर खाली वाकून सिग्नलला उचललं.

सव्वा वर्षाचा पुरा वाढलेला कुत्रा. त्याचे मागचे पाय माझ्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. तो आधी ताठ झाला, त्याला काय करावं कळेना. मग त्याने मान माझ्या खांद्यावर टाकली आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला. मला रडू आलं. लोकांना वाटलं, चिखलात पाय मुरगळला म्हणून.

पाय नाही मुरगळला. अकराव्या पावलाला पाठीत उसण भरली. सिग्नलला खाली ठेवलं आणि उरलेला रस्ता मला विलास आणि पोपटभाऊ यांनी दोन बाजूंनी धरून आणलं. पुढे सिग्नल, त्याच्या शेपटीला नाक लावून मागे पिल्लू, आणि त्यांच्या मागे आबा. आबांनी फाटकात उभं राहून त्या दोघांना आत जाताना पाहिलं आणि म्हणाले, "इंजनाला जोडली डबी." तेव्हापासून तिचं नाव डबी. जुई म्हणून हाक मारली तर ती आजही मागे वळून दुसरं कुणी आहे का बघते.

डॉक्टरांनी मला आठ दिवस झोपून राहायला सांगितलं. दोघं माझ्या खाटेखाली एकाच पोत्यावर झोपायची, आणि जागी असली की खाटेचा पाय मिळून खायची. दुसऱ्या दिवशी टॉवरचा माणूसही गावात येऊन गेला. एवढ्या तक्रारी एका संध्याकाळी कधी आल्या नव्हत्या म्हणे. रेंज आता खरोखर बरी येते, आणि त्याबद्दल पोपटभाऊ भेटतील तिथे तन्वीचे आभार मानतात.

मी पडून होते तेव्हा यशोदामावशी रोज यायच्या. एके दिवशी त्यांनी खुर्ची खाटेजवळ ओढली. धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं, घरात दुसरी सून येणार होती, आणि मोठी आत्तापासूनच गप्प गप्प होती.

"तुम्ही शिकलेल्या हाय बाई," मावशी म्हणाल्या. "दोघींचं जमाया पाहिजे. मी काय काय करू, सांगा."

फ्रिजवरचा तक्ता कुणीतरी काढून टाकला होता, नाहीतर मी बहुतेक तोच वाचून दाखवला असता.

"काहीच करू नका मावशी," मी म्हणाले. "आणि मी काही सुचवायला आले, तर फाटक लावून घ्या."